उतरविलेल्या इंजिनाची पूर्वतयारी : मुंबईच्या गॅरेजमधील क्रिया व परिभाषा

एका मोटारीतून उतरविलेले इंजिन दुसऱ्या मोटारीत चढविणे हा लालबाग, परळ, दादर या भागांतील गॅरेजांचा जुना उद्योग होय. त्याला चालना मिळाली ती प्रामुख्याने एका गाडीमुळे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट 1100 ही गाडी तयार होऊ लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिचे नाव प्रीमिअर पद्मिनी झाले, आणि काळ्या-पिवळ्या रंगात ती मुंबईची टॅक्सी म्हणून अनेक दशके धावली. टॅक्सीसाठी पद्मिनीची शेवटची नोंदणी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून या गाडीची टॅक्सी शहरात राहिली नाही. खाजगी मालकीच्या काही पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि त्यांच्यापैकी एखादीचे इंजिन निकामी झाले की मालकाची शोधक दृष्टी मोडीत निघालेल्या टॅक्सीच्या इंजिनाकडेच वळते.

असे इंजिन विकत घेतल्यापासून गाडीत बसविण्यापर्यंत त्यावर कोणते संस्कार व्हावयास हवेत, याचे विवरण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात शिरावे याचे कारण साधे आहे. हा व्यवहार आरंभी पूर्णपणे शब्दांवर चालतो. भंगारबाजारातील इंजिन जमिनीवर पडलेले असते. ते चालवून दाखविता येत नाही. विकणारा जे बोलतो तेवढेच घेणाऱ्याच्या हाती असते. इंजिनाची पूर्वतयारी म्हणजे त्या शब्दांची मोजपट्टीने केलेली फेरतपासणी होय, असे म्हटल्यास ते अलंकारिक विधान ठरू नये.

भेंडीबाजारानजीकच्या चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारबाजारात कानी पडणारे नमुन्याचे वाक्य असे : ‘इंजिन चालू आहे, रिंग-पिस्टन झालेलं आहे, फक्त चढवायचं.’ यातील पहिला शब्द ‘चालू’. मराठीत या विशेषणाच्या निदान तीन छटा आहेत. ‘चालू घड्याळ’ म्हणजे बंद न पडलेले. ‘चालू माल’ म्हणजे सामान्य प्रतीचा. ‘चालू माणूस’ म्हणजे धूर्त. विक्रेत्याला पहिला अर्थ अभिप्रेत असतो, आणि तोही अगदी किमान मर्यादेत : गाडीतून काढले त्या वेळी इंजिन पेट घेत होते, एवढेच. ते तेल किती खाते, चढावर दम टिकवते की नाही, यांविषयी ‘चालू’ हा शब्द काहीच सांगत नाही. ‘रिंग-पिस्टन झालेले’ हा प्रयोग तर अधिकच संदिग्ध आहे. ‘झालेले’ या कृदंतात कर्ता नाही आणि काळही नाही. काम कोणी केले, केव्हा केले, आणि मुख्य म्हणजे सिलिंडर बोअर करून केले की नुसत्या रिंगा बदलून केले, हे त्यातून कळत नाही. या दोहोंतील फरक किती मोठा आहे ते पुढे येईल.

याउलट ‘न खोललेले इंजिन’ हे वर्णन गॅरेजमध्ये स्तुतीचे मानले जाते. येथे ‘उघडणे’ आणि ‘खोलणे’ यांच्यामध्ये गॅरेजच्या बोलीने केलेली विभागणी पाहण्यासारखी आहे. बॉनेट उघडतात, दार उघडतात. इंजिन मात्र ‘खोलतात’. ‘खोलणे’ हे हिंदीच्या वळणाचे क्रियापद मराठी मिस्त्रीने सुटे करण्याच्या अर्थी राखून ठेवले आहे, आणि त्याचे विरुद्धार्थी क्रियापद ‘मिटणे’ किंवा ‘लावणे’ नसून ‘बांधणे’ हे आहे. इंजिन बांधतात, जसे घर बांधतात. न खोललेले म्हणजे कारखान्यात बांधले त्या अवस्थेत असलेले. त्याची झीज नैसर्गिक असेल, परंतु त्यात दुसऱ्या कोणाच्या हाताची चूक मिसळलेली नसेल, असा या स्तुतीचा मथितार्थ आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षेकडे वळू. पहिली परीक्षा हाताने करावयाची. क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवावे. ते न फिरल्यास ते ‘जाम’ आहे. फिरताना एखाद्या ठिकाणी अडत असल्यास आत काहीतरी वाकले आहे किंवा गंजले आहे. त्यानंतर तेलाची कांडी पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे हे निश्चित. तेलाच्या काळेपणावरून मात्र निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते. मुंबईच्या टॅक्सी पुढील काळात सीएनजीवर चालू लागल्या, आणि गॅसवर चालणाऱ्या इंजिनात काजळी कमी धरत असल्याने त्याचे तेल पुष्कळ दिवस स्वच्छ दिसते. पेट्रोलच्या गाडीवर डोळा तयार झालेला ग्राहक हे तेल पाहून इंजिन फारसे चाललेले नाही असे समजतो आणि फसतो. गॅसच्या इंजिनाची झीज अन्यत्र शोधावी लागते. इंधन कोरडे असल्याने एक्झॉस्ट व्हॉल्वची बैठक झिजत जाते, व्हॉल्व हेडमध्ये वर सरकतो, आणि टॅपेटमधील अंतर वाढण्याऐवजी कमी होत जाते. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून इंजिन चांगले, हा समजही अशा इंजिनाच्या बाबतीत उलटा ठरतो; ते गप्प असते ते व्हॉल्व पुरता मिटत नसल्यामुळे.

दुसरी परीक्षा दाबाची, म्हणजे कॉम्प्रेशनची. इंजिन गाडीबाहेर असतानाही ती करता येते. गिअरबॉक्सचे कवच व स्टार्टर जोडून, चारही प्लग काढून, कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडी ठेवून बॅटरीने इंजिन फिरवावे आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब घड्याळावर वाचावा. मिस्त्री हा आकडा ‘पौंडां’त सांगतात. एकट्या आकड्याला फारसे महत्त्व नाही, कारण बॅटरी अशक्त असेल तर सर्वच आकडे खाली येतात. महत्त्व आहे ते चौघांमधील तफावतीला. ही तफावत दहा टक्क्यांच्या आत असावी असा सर्वसाधारण संकेत आहे. एखादा सिलिंडर कमी भरल्यास त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा वाचन घ्यावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा, कारण तेलाने रिंगेभोवतीची फट तात्पुरती बुजविली. वाढला नाही तर दोष व्हॉल्वचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी असतील तर त्या दोहोंमधील गॅसकेट जळाली असण्याचा संभव अधिक. चमचाभर तेलाने होणारी ही परीक्षा मला नेहमीच भाषाशास्त्रातील लघुतम युग्माची आठवण करून देते : इतर सर्व परिस्थिती स्थिर ठेवून एकच घटक बदलावयाचा आणि अर्थात फरक पडतो का ते पाहावयाचे.

दाबाच्या संदर्भात ऐकू येणारे ‘बसणे’ हे क्रियापद थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. ‘व्हॉल्व बसला’, ‘रिंगा बसल्या’, ‘बेअरिंग बसले’ या सर्व वाक्यांत ते इष्ट आहे. भाग आपल्या जागी नीट स्थिरावला असा त्याचा अर्थ. परंतु ‘कॉम्प्रेशन बसले’ आणि ‘इंजिन बसले’ ही वाक्ये उच्चारली गेली की मालकाच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो. भागाचे बसणे शुभ, समग्राचे बसणे अशुभ, असा हा भेद आहे. गॅरेजने तो नव्याने निर्माण केलेला नाही. ‘बूड टेकून बसणे’ आणि ‘धंदा बसणे’ यांमध्ये तो सर्वसाधारण मराठीत आधीपासूनच आहे. मात्र गॅरेजमध्ये तो इतका नियमित झाला आहे की नवशिक्या पोऱ्यालाही त्याची चूक होत नाही.

इंजिन खोलण्यापूर्वी ते बाहेरून रॉकेलने धुऊन घ्यावे. हे काम क्षुल्लक वाटते म्हणून टाळले जाते, आणि मग हेड उचलताच वर्षानुवर्षांची माती सिलिंडरमध्ये पडते. पद्मिनीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियम तापून पीळ धरते, म्हणून हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरून मध्याकडे येत, थोडेथोडे सैल करावे लागतात. आवळताना याच्या उलट, मध्यापासून बाहेर. सुटे झालेले भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमानेच ठेवावयाचे असतात. मेन बेअरिंगच्या टोप्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत, कारण त्यांची छिद्रे ब्लॉकला जोडूनच कातलेली असतात. पुशरॉड व व्हॉल्व हेही इतके दिवस ज्या जोडीदाराशी घासले त्याच्याशीच जुळतात. पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात पुशरॉड क्रमाने खोचून ठेवण्याची युक्ती सर्वत्र दिसते.

हेड काढल्यावर बोटाच्या नखाने सिलिंडरचे वरचे टोक चाचपावे. तेथे नख अडले तर त्या कडेला मिस्त्री ‘लिप’ म्हणतात. वरची रिंग जेथपर्यंत जाते तेथपर्यंत भिंत झिजली, त्याच्यावरची तशीच राहिली, म्हणून ही कड तयार झाली. सर्वांत अधिक झीज नेमकी या कडेच्या खाली होते. स्फोटाचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो तो येथेच, उष्णता सर्वाधिक येथे, आणि तेल सर्वांत कमी पोहोचते तेही येथे. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला एका बाजूला ढकलत असल्याने सिलिंडर गोल न राहता किंचित लंबगोल होतो. म्हणून माप एकाच जागी घेऊन भागत नाही. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांशी काटकोनात, अशी सहा मापे घ्यावी लागतात.

येथेच ‘रिंग-पिस्टन झालेले’ या शब्दप्रयोगाची कसोटी लागते. समजा, सिलिंडरचा व्यास तळाच्या मानाने वरच्या बाजूस 0.2 मिलिमीटरने अधिक झाला आहे. रिंगेच्या दोन टोकांमधील फट परिघावर मोजली जाते, आणि परीघ व्यासाच्या π पट. म्हणजे तळाशी योग्य असलेली फट वर 0.63 मिलिमीटरने मोठी होते. सिलिंडरच्या व्यासाच्या दर इंचास इंचाचे तीन ते चार हजारांश या नेहमीच्या हिशेबाने पद्मिनीच्या रिंगेस सुमारे 0.20 ते 0.27 मिलिमीटर फट पुरेशी असते. तेव्हा झिजलेल्या सिलिंडरमध्ये नवी रिंग टाकली तर ऐन स्फोटाच्या क्षणी फट हवी त्याच्या तिप्पट-चौपट असणार. त्याहून वाईट म्हणजे जुन्या रिंगेची कड झिजून गोल झालेली असते, नव्या रिंगेची धारदार असते. ती वरच्या कडेवर आदळते आणि तुटते, किंवा पिस्टनची खाच फोडते. अशा इंजिनाविषयी ‘रिंगा टाकलेल्या आहेत’ हे विधान खरे असते. ते काही महिन्यांत पुन्हा तेल खाऊ लागते हेही तितकेच खरे असते, आणि इंजिन पुन्हा उतरविण्याचा खर्च मात्र नव्या मालकाच्या माथी येतो.

झीज मर्यादेबाहेर असल्यास सिलिंडर बोअर करून मोठे करणे आणि त्या मापाचे ओव्हरसाइझ पिस्टन घालणे हाच मार्ग उरतो. फियाटच्या मूळ मापाप्रमाणे सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास 75 मिलिमीटर. त्यावरून चार सिलिंडरांचे घनफळ 1089 घन सेंटिमीटर येते. 0.4 मिलिमीटर बोअर केल्यावर ते 1102 होते. ‘इलेव्हन हंड्रेड’ हे नाव या गाडीने प्रथमपासून धारण केले, पण ते सार्थ झाले ते पहिल्या मोठ्या दुरुस्तीनंतरच, असे गंमतीने म्हणता येईल.

मापांच्या शब्दांतही एक स्तररचना आहे. डोळ्याला दिसणारे अंतर कारागीर ‘सुता’त सांगतो, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जे अंतर केवळ उपकरणालाच दिसते ते तो इंग्रजी ‘थाऊ’त, म्हणजे इंचाच्या हजारांशात सांगतो. एका सुतात असे 125 थाऊ मावतात. या दोन परिमाणांच्या मधली जागा जवळजवळ रिकामी आहे, आणि पद्मिनीचे सुटे भाग मेट्रिक मापाचे असूनही मिलिमीटरला बोलीत दुय्यम स्थान आहे. माझ्या मते ही भाषा मोटारीपेक्षा जुनी आहे. परळला रेल्वेचे इंजिन-दुरुस्तीचे कारखाने, सभोवती कापडगिरण्या आणि त्यांची यांत्रिक खाती. तेथील फिटर व टर्नर यांची परिमाणे गॅरेजला आयतीच मिळाली असावीत. विश्वकोशाने व पाठ्यपुस्तकांनी रूढ केलेले ‘दट्ट्या’ आणि ‘झडप’ हे शब्द मात्र या वस्तीत शिरलेले नाहीत. ‘झडप’ कार्बोरेटरच्या बाबतीत क्वचित ऐकू येते, व्हॉल्वच्या बाबतीत मुळीच नाही. नवे शब्द आले ते मराठीची विभक्ती व वचन लेवून : ‘रिंगा’, ‘पिस्टनला’, ‘हेडावर’. टायमिंगची ‘चेन’ स्त्रीलिंगी झाली ती ‘साखळी’च्या आधाराने, यात संशय नाही.

क्रँकशाफ्टचे काम सिलिंडरपेक्षा थोडक्यात सांगता येते, कारण तेथे अंदाजाला जागाच नाही. प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजावयाचा. लंबगोल झाला असेल अथवा त्यावर चरे पडले असतील तर क्रँक ग्राइंड करून त्या प्रमाणात जाड, म्हणजे अंडरसाइझ, बेअरिंगे घालावयाची. पिस्टन मोठा होतो तो ‘ओव्हर’, बेअरिंग जाड होते तरी ते ‘अंडर’; कारण हे नाव बेअरिंगाच्या जाडीला नसून त्यात बसणाऱ्या जर्नलच्या घटलेल्या मापाला दिलेले आहे. विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. ऑपेरा हाउस परिसरातील सुट्या भागांच्या दुकानात जाण्यापूर्वी दोन्ही मापे कागदावर लिहून न्यावीत, हे बरे. ग्राइंडिंगनंतर क्रँकमधील तेलाच्या वाटा तारेने व दाबाच्या हवेने साफ करणे अत्यावश्यक आहे. दगडाची भुकटी त्यात राहिली तर नवे बेअरिंग फार दिवस टिकत नाही.

यानंतर येतात ते असे भाग की जे स्वतः स्वस्त आहेत, पण ज्यांच्यापर्यंत पुढे हात पोहोचत नाही. क्रँकच्या मागील टोकाचे ऑइल सील, ब्लॉकमधील पाण्याच्या कप्प्यांवरच्या पत्र्याच्या टोप्या, क्लचप्लेट, क्लचचे रिलीज बेअरिंग, टायमिंगची चेन : यांतील प्रत्येक वस्तू इंजिन जमिनीवर असताना थोड्या वेळात बदलता येते, आणि गाडीत बसविल्यावर तीच बदलण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावी लागते. जुने सील ‘चांगले दिसते’ म्हणून ठेवणे यासारखी खोटी काटकसर नाही. टॅक्सीचालकाच्या हिशेबात तर इंजिन खाली असलेला प्रत्येक दिवस बिनकमाईचा असे. म्हणून जुने जाणते मिस्त्री या वस्तूंच्या बाबतीत मालकाशी घासाघीस करीत नसत, त्या बदलूनच टाकत.

हेडच्या बाबतीत पोलादी पट्टी व फीलर गेज यांनी सपाटी तपासावी. पीळ आढळल्यास ‘फेस मारून’ घ्यावा, पण आवश्यक तेवढाच. हेड जितके पातळ होईल तितका दाब वाढतो आणि ठोका येऊ लागतो. गॅसवर चाललेल्या इंजिनाच्या एक्झॉस्ट बैठका बहुधा बदलाव्या लागतात. बाकीच्या व्हॉल्वांना ग्राइंडिंग पेस्ट लावून, दोन्ही तळहातांत रवीसारखी काठी फिरवून घासतात. बैठकीवर सर्वत्र सारखी राखाडी कडी उमटली की व्हॉल्व बसला. खात्रीसाठी हेड उलटे करून त्या खोलगटीत रॉकेल ओतावे आणि ते झिरपते का ते पाहावे.

बांधणी चालू असताना प्रत्येक घासणारा पृष्ठभाग तेलाने माखावा. टॅपेट लावताना चार सिलिंडरांच्या पुष्कळ इंजिनांत, जेथे व्हॉल्वांची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी असते तेथे, नऊचा हिशेब उपयोगी पडतो : आठवा व्हॉल्व पूर्ण उघडला असता पहिला लावावा, सहावा उघडला असता तिसरा, म्हणजे दोहोंची बेरीज नऊ. इंजिन चढविण्यापूर्वी तेल भरून, प्लग न लावता, दाबाच्या घड्याळावर काटा हालेपर्यंत ते स्टार्टरने फिरवावे. कोरड्या बेअरिंगांवर पहिला पेट देणे हे सर्व कष्टांवर पाणी ओतण्यासारखे आहे.

इंजिन चढले, पेटले, म्हणजे आरंभी धूर दिसणारच. माखलेले तेल जळत असते. निळा धूर काही वेळाने ओसरला पाहिजे. तो टिकून राहिला तर तेल आत येत आहे. पांढरा व दाट टिकला तर पाणी येत आहे. काळा असेल तर दोष केवळ कार्बोरेटरचा, आणि तो सर्वांत सुसह्य. पहिल्या काही शे किलोमीटरांत गाडी फार वेगाने अथवा फार संथ चढावर ओढू नये, त्यानंतर तेल बदलावे, आणि इंजिन थंड असताना हेडचे नट ठरल्या क्रमाने पुन्हा आवळून टॅपेट तपासावेत. एवढे झाल्यावर इंजिनावर कोरलेला क्रमांक नोंदणी-पुस्तकातील क्रमांकाशी जुळत नाही ही गोष्ट उरते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये हा बदल परिवहन कार्यालयात नोंदवून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी ज्या गाडीतून इंजिन उतरले तिची कागदपत्रे विक्रेत्याकडून खरेदीच्या वेळीच मागून घ्यावी लागतात.